आधी रुळाकाठ, मग गाडी

कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, फलाटावर वड्यांच्या पुड्या फिरतात आणि गाडी घाटाला भिडते. पावसाळ्याचे दिवस असतील तर डब्यातले सगळे मोबाइल दरीच्या बाजूला वळतात. मॉडेल रेल्वेचा नाद असलेला माणूस त्या गर्दीत लगेच ओळखू येतो. तो धबधब्याकडे बघतच नाही. त्याची नजर रूळ आणि डोंगर यांच्यामधल्या चार-पाच हातांच्या पट्ट्यावर खिळलेली असते. तिथे चढाचं प्रमाण सांगणारा ठेंगणा खांब येतो, एक हात वर आणि एक खाली केलेला. मग राखाडी लोखंडी पेटी, दगडी गटार, कडेला आडवे टाकून ठेवलेले जुने रूळ, जाळीत बांधलेला कातळ, विजेच्या खांबावर रंगवलेला आकडा. प्रवाशाच्या लेखी हा सगळा दरीच्या आड येणारा पसारा असतो. या माणसाला घरच्या टेबलावर नेमका तोच उभा करायचा असतो.

महागाचं इंजिन आणलं, रूळ जोडले, डोंगर केला, त्यावर हिरवा भुसा भुरभुरला, तरी लेआउट खेळण्यासारखंच दिसतं, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. दोष इंजिनात नसतो. दोष त्या पट्ट्यात असतो. तिथे एक तर काहीच नसतं, किंवा जे असतं ते दुकानात मिळालं म्हणून आलेलं असतं. खऱ्या रुळाकाठी एकही वस्तू शोभेची नसते. प्रत्येकीमागे एक नियम असतो, नियमामागे एक धोका असतो आणि पुष्कळदा त्या धोक्यामागे घडून गेलेला अपघात असतो. वस्तू का आहे हे ठाऊक असेल तर ती कुठे, किती उंच आणि कोणाकडे तोंड करून उभी राहील, हे आपोआप ठरतं. ठाऊक नसेल तर ती कितीही सुबक करा, उपरी दिसते.

हे समजून घ्यायला आपल्याकडे कर्जत ते लोणावळा या अठ्ठावीस किलोमीटरांइतका चांगला धडा नाही. इथला रुळाकाठ सपाटीवरच्या रेल्वेपेक्षा दाट आहे, कारण इथली भीती जास्त आहे.

घाटाची भीती

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हाच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या डोळ्यांपुढे सह्याद्री उभा होता. कर्जत आणि लोणावळा यांच्यामधल्या भोर घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. मुख्य अभियंता होते जेम्स जॉन बर्कले. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल हे कंत्राटदार इथे आले आणि थोड्याच दिवसांत वारले. पुढे त्यांची पत्नी ॲलिस हिनं कंत्राट सांभाळून काम तडीस नेलं. रोगराईनं आणि अपघातांनी हजारो मजूर या डोंगरात गेले. पंचवीस बोगदे झाले, सुमारे ५५८ मीटरांची चढण बांधून झाली आणि सर्वांत अवघड टप्प्यांत चढ ठरला १:३७, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. तेवढ्यानंही भागेना, म्हणून खंडाळ्याखाली एक उलटफेर स्थानक केलं. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जायचं आणि गाडी उलट्या तोंडानं पुढे निघायची. १९२९ मध्ये नवी वाट झाली आणि तो उलटफेर संपला. आज घाटात तीन मार्ग आहेत.

चढताना बँकर ढकलतात. खरी धास्ती उतरताना असते. भरलेली गाडी १:३७ च्या उतारावर ब्रेकना दाद देईनाशी झाली तर खाली कर्जतपर्यंत तिला अडवणारं काही नाही. म्हणून जागोजागी कॅच सायडिंग आहेत: मुख्य मार्गातून फुटून डोंगराच्या चढावर जाणारा आणि तिथेच संपणारा रूळ. गाडीला रूळ बदलून देणारे काटे नेहमी या सायडिंगकडे लावलेले असतात. उतरणाऱ्या गाडीनं मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरुंग अशा ठिकाणी थांबून दाखवायचं. ती थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत, की मगच काटा मुख्य मार्गाला लागतो. थांबली नाही तर ती आपोआप चढावर जाते आणि तिचा वेग तिथे जिरतो. म्हणजे इथे परवानगी गृहीत नाही, धोका गृहीत आहे.

लेआउटवर भोर घाट म्हणून ओळखू यायला हवा असेल तर बोगद्याच्या आधी कॅच सायडिंग करा. आणि ती नुसती दिसायला करू नका. काट्याची मोटर अशी जोडा की बटण दाबेपर्यंत काटा सायडिंगकडेच राहील. उतरणारी गाडी थांबवायची, चार क्षण धरायची, मग काटा फिरवून सोडायची. एवढ्या एका गोष्टीनं गोल-गोल फिरणाऱ्या खेळण्याची रेल्वे होते. सायडिंगच्या रुळांवर चाक क्वचितच फिरतं, तेव्हा त्यांच्या माथ्यावरही गंजाचा रंग द्या; शेजारच्या मुख्य मार्गाचा माथा मात्र लख्ख ठेवा. रंगानं विजेचा संपर्क तुटतो, पण तिथे गाडी जायचीच नाही, तेव्हा काही अडत नाही. हा गंज पाहूनच जाणकाराला कळतं की करणाऱ्यानं रूळ कशासाठी आहे याचा विचार केला आहे.

मोजपट्टी

जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. खरं माप भागिले ८७. आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,६७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये ती १९.३ मिलिमीटर व्हायला हवी. पण बाजारातले एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजचे आहेत. भारतीय मॉडेलकारांतले बहुतेक जण ही तडजोड मान्य करतात. रूळ-चाकं सगळी स्वतः घडवणारे थोडे. गेजची उणीव बाजूनं पाहताना फारशी जाणवत नाही. जाणवतं ते रुळाच्या आजूबाजूचं.

म्हणून तडजोड गेजमध्ये करा, बाकी मापांत करू नका. आपला सिमेंटचा स्लीपर २.७५ मीटर लांब असतो, म्हणजे मॉडेलमध्ये साडेएकतीस मिलिमीटर. स्लीपरांतलं अंतर साधारण साठ सेंटीमीटर, म्हणजे सात मिलिमीटर. हल्लीचा मीटरला ६० किलो भरणारा रूळ १७२ मिलिमीटर उंच, म्हणजे मॉडेलमध्ये दोन मिलिमीटरला किंचित कमी. बाजारात ‘कोड ८३’ म्हणून मिळणारा रूळ त्याच्या जवळचा. त्याआधीच्या ५२ किलोच्या रुळाला ‘कोड ७०’ अगदी बरोबर बसतो. जुने ‘कोड १००’ चे रूळ मात्र प्रमाणात पाहिले तर सुमारे बावीस सेंटीमीटर उंच भरतात. असा रूळ घाटातच काय, कुठेच नाही.

खडीचंही तेच. रेल्वेच्या खडीचं ठरलेलं माप ६५ मिलिमीटर. मॉडेलमध्ये पाऊण मिलिमीटर. दुकानातली पिशवीबंद खडी बहुधा याहून जाड असते आणि रुळावर गोटे पडल्यासारखी दिसते. आपल्याकडे सोपा उपाय आहे. खडी क्रशरवरची काळ्या दगडाची कच आणा, चहाच्या गाळणीतून चाळा, धूळ धुऊन टाका. दख्खनचा काळा कातळच घाटाच्या खडीत आहे, त्यामुळे रंग मिसळत बसावं लागत नाही. कोरडी खडी ब्रशनं नीट बसवायची, वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा, मग निम्मं पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून ते ड्रॉपरनं सोडायचं. साबणामुळे ते खडीवर थेंब धरून न बसता आत झिरपतं. आणखी एक गोष्ट विसरायची नाही: खडीचा उतार संपला की तिथे सपाट मातीची पायवाट असते, तिला रेल्वेची माणसं सेस म्हणतात, आणि तिच्यापलीकडे गटार. खडी थेट गवतात संपली की लेआउटची लबाडी उघडी पडते.

लांबीपुढे मात्र सगळ्यांनाच हात टेकावे लागतात. कर्जत–लोणावळा १:८७ मध्ये ३२२ मीटर भरतं. चढण जवळजवळ साडेसहा मीटर, म्हणजे दुमजली घराएवढी. घरात चार मीटरांची भिंत मोकळी मिळाली तरी नशीब, आणि त्या चार मीटरांत बसतो खऱ्या रेल्वेचा जेमतेम साडेतीनशे मीटरांचा तुकडा. चढाचं उदाहरण घ्या. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर मध्ये आठेक सेंटीमीटर उंची लागते. १:३७ नं तेवढं चढायला तीन मीटर खर्ची पडतात. घाटाचा खरा चढ घरातही अवघडच आहे, हे हाताशी आल्यावर बर्कलेंच्या माणसांबद्दलचा आदर वाढतो.

पाट्यांची भाषा

अंतराच्या या अडचणीतून वाट काढायला पाट्या शिकवतात. लेव्हल क्रॉसिंगच्या आधी सहाशे मीटरवर ‘सी/फा’ ची पाटी असते: सीटी, फाटक. पाटी साठ सेंटीमीटर चौरस, पिवळ्यावर काळी अक्षरं, खालची कड रुळापासून २.१ मीटर वर. मॉडेलमध्ये पाटी सात मिलिमीटरची आणि २४ मिलिमीटर उंचीवर. पंचवीस सेंटीमीटरची अक्षरं तीन मिलिमीटरांची होतात आणि लेझर प्रिंटरवर सुरेख येतात. पण सहाशे मीटर म्हणजे जवळजवळ सात मीटर! एवढं लांब कोणाचं लेआउट असतं? मग पुष्कळ जण फाटकापासून वीतभर अंतरावर पाटी रोवतात आणि चालकाला शिटी वाजवायला एक सेकंदही देत नाहीत.

खरा तोडगा असा: पाटी ठेवा, फाटक ठेवू नका. लेआउटची कड येते किंवा रूळ पडद्यामागे जातो, त्याच्या थोडं अलीकडे पाटी उभी करा. फाटक पुढे कुठेतरी, न दिसणाऱ्या भागात आहे. पाहणाऱ्याचं मन ते स्वतः रचतं आणि चार मीटरांची रेल्वे लांब वाटू लागते. फाटक करायचंच असेल तर पाटी वगळा. तीही अदृश्य भागात सहाशे मीटर मागे आहे असं समजा. ही युक्ती सगळ्याच दूरदर्शी खुणांना लागू पडते. वेगमर्यादा संपल्याची ‘टी/पी’ किंवा ‘टी/जी’ ही पाटी एकटी दिसली तरी मागे कुठेतरी रुळाचं काम चाललं होतं हे कळतं. पहिली सवारी गाडीसाठी, दुसरी मालगाडीसाठी, कारण मालगाडीचं शेपूट लांब आणि ते निर्बंधातून बाहेर पडायला वेळ लागतो.

पाटी कुणासाठी आहे हेही पाहावं लागतं. आपल्याकडे गाड्या डावीकडून धावतात, म्हणून पाट्या आणि सिग्नल बहुतेक ठिकाणी चालकाच्या डाव्या हाताला असतात आणि त्यांचं तोंड येणाऱ्या गाडीकडे असतं. प्रेक्षकाला नीट वाचता यावी म्हणून पाटी खोलीकडे वळवली की ती दुकानाची पाटी होते. काही पाट्यांची पाठच दिसू द्या. सिग्नलच्या हाताची मागची बाजूसुद्धा वेगळी असते: पुढून लाल आणि त्यावर पांढरा पट्टा, मागून पांढरा आणि त्यावर काळा पट्टा.

फाटक विजेच्या मार्गावर असेल तर रस्त्यावर दोन्ही बाजूंना आडव्या दांडीची कमान लागते. तिची उंची ४.६७ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ५४ मिलिमीटर. उसाची किंवा कडब्याची वाजवीपेक्षा उंच भरलेली गाडी तारेपर्यंत पोचण्याआधी या दांडीला अडते. विदेशी संचात ही कमान येत नाही, म्हणून आपल्या लेआउटवर ती सर्रास गाळली जाते. आणि लेआउटचं साल २०१९ नंतरचं असेल तर बिनराखणीचं फाटक करू नका: ब्रॉडगेजवरची अशी सगळी फाटकं त्या वर्षाच्या जानेवारीअखेर बंद झाली.

आधी साल ठरवा

सालाचा हा प्रश्न खरं तर पहिला आहे. रुळाकाठ दर पिढीला बदलतो, आणि एकाच चौकटीत १९६० चा तारायंत्राचा खांब आणि २०२० चं इंजिन आलं की दोन्ही खोटी पडतात.

१९२९-३० मध्ये कल्याण–पुणे मार्गावर १,५०० व्होल्ट डीसी वीज आली. त्याच सुमारास ‘खेकडा’ या लाडक्या नावाची मालगाडीची इंजिनं घाटात राबू लागली आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. या काळाचं लेआउट असेल तर हात हलवून खूण करणारे सेमाफोर सिग्नल हवेत, लिव्हर केबिन हवी, तारायंत्राचे खांब हवेत. जुन्या रुळाखाली लाकडी स्लीपर चालतील. पण आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे ओतीव लोखंडाचे सीएसटी-९ स्लीपर: प्रत्येक रुळाखाली स्वतंत्र लोखंडी बैठक आणि दोन बैठका जोडणारी एक सळई. दोन रुळांच्या मधली जागा मोकळी, नुसत्या खडीची. सिमेंटच्या स्लीपरांची सवय झालेल्या डोळ्याला हा रूळ विचित्र वाटतो. तो तयार मिळत नाही. पातळ प्लास्टिकच्या पत्र्याचे तुकडे आणि पितळी तार घेऊन बसावं लागतं. भारतीय रेल्वे म्हणून सांगायला त्याच्याइतकी पक्की खूण दुसरी नाही.

डीसीचा काळ लांबला. मुंबई परिसरातून तो टप्प्याटप्प्यानं जात २०१६ पर्यंत पूर्ण संपला आणि सगळीकडे २५,००० व्होल्ट एसी आली. हा फरक मॉडेलमध्ये दिसतो आणि दिसायलाच हवा. दाब कमी म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जास्त. म्हणून डीसीच्या तारा जाड, काही ठिकाणी संपर्कतारा दुहेरी, पण इन्सुलेटर आखूड. एसीत उलट: तार हलकी आणि इन्सुलेटर लांब, कारण पंचवीस हजार व्होल्टला खांबापासून दूर ठेवायचं असतं. रुंद कड्यांचे लांब तपकिरी इन्सुलेटर दिसले की काळ एसीचा.

डोक्यावरची तार

संपर्कतार रुळापासून साधारण साडेपाच मीटरवर, मॉडेलमध्ये ६३ मिलिमीटर. सरळ रुळावर खांबांतलं अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर, म्हणजे ८३ सेंटीमीटर. वळणावर ते आटतं, कारण तार दोन खांबांमध्ये सरळच राहते आणि रूळ मात्र वळतो. तेवढंच अंतर ठेवलं तर इंजिनाच्या टपावरून तारेला टेकणारा पँटोग्राफ तिच्याखालून निसटेल. घाट म्हणजे वळणंच वळणं, तेव्हा तिथे खांब दाट. हा घरच्या मॉडेलकाराला निसर्गानं दिलेला सवलतीचा दर आहे. सपाटीचं लेआउट केलं असतं तर चार मीटरांत पाच-सहा खांब बसले असते. घाटात दुप्पट बसतात आणि प्रमाणही मोडत नाही.

तार सरळ रुळावरही मधोमध जात नाही. एका खांबाशी ती वीस सेंटीमीटर डावीकडे, पुढच्या खांबाशी तेवढीच उजवीकडे ओढलेली असते, म्हणजे पँटोग्राफची पट्टी एकाच जागी कापली जात नाही. मॉडेलमध्ये हे नागमोडीपण सव्वादोन मिलिमीटरचं. वरून पाहिलं तरच कळतं, पण न केलं तर छायाचित्रात तार निर्जीव दिसते. खऱ्या तारेची जाडी सव्वाबारा मिलिमीटर. ८७ नं भागलं तर दशांश चौदा. इतकी बारीक तार हात लागताच तुटेल. गिटारची सर्वांत बारीक तार पाव मिलिमीटरची असते; तेवढी तडजोड डोळा खपवून घेतो.

आणि वजनं. काही खांबांवर लोखंडी चकत्यांची चळत कप्पीला टांगलेली असते. उन्हानं तार लांबली की वजन खाली सरकतं, थंडीत आखडली की वर जातं, ताण तोच राहतो. लेआउटवर उन्हाळा दाखवायचा असेल तर चळत खाली ठेवा. एवढं कोण बघणार? जो बघेल तो नंतर बाकी सगळं जास्त विश्वासानं बघेल.

खांबावरचा आकडाही कामाचा. वर किलोमीटर, खाली त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक. एका मार्गाकडे विषम, दुसऱ्याकडे सम. गाडी बिघडली, दरड आली की ठिकाण याच आकड्यानं सांगतात. मुंबईपासून कर्जत शंभर किलोमीटर आणि लोणावळा १२८. म्हणजे घाटातल्या खांबांवर वरचा आकडा याच दोन्हींच्या मधला हवा. मंकी हिलला ४७ लिहिलं की पाहणाऱ्यांतला एक तरी मध्य रेल्वेचा माणूस हसेल. त्याच्यासाठी आणखी एक: मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’. घाट उतरणारी गाडी अप आणि चढणारी डाउन, हे लेआउटच्या नियंत्रण फळीवर नीट लिहा.

केबिनपासून काट्यापर्यंत

जुन्या काळाचं लेआउट घेतलं तर सर्वांत जास्त समाधान सिग्नल केबिनच्या कामात आहे. केबिनमध्ये लिव्हरांची रांग: सिग्नलचे लाल, काट्यांचे काळे, कुलपांचे निळे, रिकाम्या जागी पांढरे. लिव्हर ओढला की पायथ्यातून निघालेली पोलादी दांडी किंवा तार रुळाकडेनं धावत काट्यापर्यंत किंवा सिग्नलपर्यंत जाते. मॉडेलमध्ये काट्याची मोटर तळाशी लपलेली असते, म्हणून या दांड्या कोणी करत नाही. मग केबिन एखाद्या बंगलीसारखी एकटी उभी राहते आणि काटे आपोआप हलतात असं वाटतं.

दांडीची जाडी सव्वा इंचाच्या आसपास. मॉडेलमध्ये दशांश चार मिलिमीटरची पितळी तार. छोट्या चाकांच्या आधारांवर ती समांतर धावते, एकेका काट्याशी एक-एक दांडी गळत जाते आणि केबिनपासून दूर जाताना जुडगा बारीक होतो. लांब दांडीच्या मध्ये एक दुहेरी बेळकं असतं, काँपेन्सेटर. उन्हानं दांडी लांबली तर काटा अर्धवट उघडेल. म्हणून मध्ये दिशा उलटवतात, अर्धी दांडी ढकलते आणि अर्धी ओढते, आणि दोन्ही अर्ध्यांची वाढ एकमेकींना खाऊन टाकते. कागदावर आधी रेघ काढा: हा काटा कोणत्या लिव्हरचा, दांडी कुठून येते, रूळ कुठे ओलांडते. रेघ जुळली तरच तार चिकटवा.

सेमाफोरचा हातही असाच नीट विचार करून करावा. नंतरच्या काळातला हात वर उचलून ‘जा’ सांगतो, कारण तार तुटली तर तो आपल्याच वजनानं आडवा पडून ‘थांब’ सांगेल. कॅच सायडिंगमधलाच विचार इथे आहे. त्याआधीचा खाली झुकणारा हात प्रतिवजनाच्या भरवशावर चालायचा. दिव्यापुढची ‘हिरवी’ काच निळसर रंगवा. रॉकेलची ज्योत पिवळी, तिच्यापुढे निळसर काच आली की हिरवा दिसतो. आतला दिवा पांढऱ्या एलईडीचा लावला तर गणित चुकतं. मंद पिवळा घ्या.

रंगीत दिव्यांच्या आजच्या सिग्नलला दांड्या नाहीत, पण त्याच्याही भोवती वस्ती आहे: रिले-केबलांच्या राखाडी पेट्या, रुळाला खिळलेले ॲक्सल काउंटर, खडीतून जाणारी केबल. दांडीची जागा केबलनं घेतली, तरी नियम तोच. पेटी कुठल्या तरी सिग्नलची असते. बेवारशी पेटी नसते.

माणसं आणि पाऊस

घाटाचा रुळाकाठ चार महिने पावसाशी झगडतो. कातळावर लोखंडी जाळी, दरडीपुढे कुंपण, बोगद्याच्या तोंडाला पुढे वाढवलेलं काँक्रीटचं छप्पर. डोंगर कापून केलेल्या कटिंगच्या डोक्यावर एक गटार असतं, वरचं पाणी उतारावरून रुळावर कोसळण्याआधी वळवून नेणारं. ते सहसा कोणी मॉडेलमध्ये करत नाही, कारण खिडकीतून ते दिसत नाही. पुलाच्या खांबावर पुराच्या आणि धोक्याच्या पातळीच्या खुणा. बोगद्याच्या भिंतीत माणसाला आडोशाला उभं राहता येईल एवढे कोनाडे. पाहणाऱ्याची नजर बोगद्यात जिथवर पोचते तिथवरचा एखादा तरी करावा.

हिल गँगची माणसं पावसाळ्याआधी डोंगरावरून सैल धोंडे शोधून पाडतात. कीमन आपल्या बीटवर रोज रुळाकडेनं चालतो: हातोडा, पाना, हिरवं-लाल निशाण. पावसाळी रात्री गस्तवाला निघतो तेव्हा त्याच्याजवळ तीन रंगांचा दिवा, शिटी आणि फटाके असतात. दरड दिसली तर फटाके रुळाला बांधायचे, गाडी वरून गेली की स्फोटाचा आवाज चालकाला थांबवतो. एचओमध्ये माणूस वीस मिलिमीटरचा. युरोपातल्या कंपन्यांचे पुतळे टोप्या आणि लांब कोट घालून येतात. त्यांना घासून, नारिंगी जाकीट रंगवून, हातात तारेचा पाना देऊन कीमन करावा लागतो. पण एक अट: त्याला काम द्या. तो रुळाकडे वाकून बघत असावा, किंवा येणाऱ्या गाडीला सुरक्षित अंतरावरून निशाण दाखवत असावा. नुसता उभा ठेवलेला पुतळा म्हणजे संगीत खुर्चीतला शेवटचा मुलगा.

कीमन चालतो म्हणून आपण चालायचं नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रुळाच्या हद्दीत विनापरवाना जाणं गुन्हा आहे, आणि घाटात तर जीव जाण्याचीच वाट आहे. मोजमाप फलाटावरून, पादचारी पुलावरून आणि खिडकीतून होतं. ज्ञात मापाची वस्तू छायाचित्रात हवी. स्लीपर दिसला की २.७५ मीटर हाताशी आले आणि बाकीचं त्रैराशिकानं निघतं.

रंग, आणि हात आवरणं

खरी रेल्वे मळकी असते, पण तिचा मळ नेमका असतो. बिडाच्या ब्रेक-ठोकळ्यांची तपकिरी पूड गाड्या जिथे थांबतात तिथे दाट, मध्ये विरळ. बँकर चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू सोडतात, तेव्हा चढाच्या सुरुवातीला खडी फिकट. बोगद्याच्या तोंडावरची काजळी वाफेच्या काळाची. डोंगर तोच असला तरी आजच्या लेआउटवर ती फिकी, शेवाळानं झाकलेली हवी. अमेरिकेचे जॉन ॲलन यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर आपल्या ‘गोरे अँड डॅफेटिड’ या लेआउटवर ही जुनाटपणा आणण्याची कला रूढ केली. १९७३ मध्ये ते वारले आणि काही दिवसांतच आगीत लेआउटही गेलं. इंग्लंडमधल्या पेंडन संग्रहालयाची पायाभरणी १९५४ ची. तिथे १९३० च्या आसपासच्या खेड्यांतली घरं प्रत्यक्ष उभ्या असलेल्या घरांवरून मोजून केली आहेत. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून मराठी मुलांना सिग्नल आणि काटे दाखवतं आहे. संग्रहालयांत गाड्या आहेतच, ॲलन यांच्याकडेही होत्या, पण माणसं खिळून राहतात ती गाडीच्या भोवती काय चाललं आहे त्यावर.

तरीही सगळं करायचं नसतं. चार मीटरांत एक कॅच सायडिंग, एक केबिन किंवा एक रिले-पेट्यांचा घोळका, एक गटार, एक जाळी, दोन पाट्या आणि एक माणूस पुरे. रेल्वेचा बराच मोठा भाग रिकामा असतो. खडी, सेस, गवत आणि पुढचा खांब. ही रिकामी जागा राखली की उरलेल्या वस्तूंना वजन येतं. नवशिक्याच्या हाताला ती सहन होत नाही. हातात उरलेली पाटी कुठेतरी चिकटवावी असं वाटतं.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. घरात पाहुणे येतात, त्यांच्याबरोबर सात-आठ वर्षांचं मूल असतं. ते लेआउटजवळ येतं, इंजिनाकडे पाचेक मिनिटं बघतं आणि मग बोट दाखवून एकेका गोष्टीबद्दल विचारू लागतं: हा रूळ वर जाऊन संपतो का? हे वजन कशाला टांगलं आहे? या पेटीत काय आहे? गोंद घेण्याआधी प्रत्येक वस्तूला हे प्रश्न स्वतःच विचारून बघा. एका वाक्यात उत्तर देता आलं तर ती वस्तू लेआउटवर ठेवा. नाही आलं तर डबीत परत ठेवा आणि पुढच्या वेळी कर्जतहून निघताना खिडकीची जागा पकडा.